एप्रिलमध्ये सील दिसत नाहीत

लूती मामीचा आवाज रेडिओवर नेहमी हसरा असतो. रोज दुपारी बारा वाजता ती आकुलिक गावाला सांगते, की कोणाचा कुत्रा सुटलाय, कोणाचा एकच हातमोजा दुकानापाशी पडलाय आणि कोणाकडे ताजं सील कापलंय, या जेवायला. पण मार्चच्या शेवटच्या मंगळवारी ती एक पत्र वाचत होती, आणि वाचता वाचता तिचा आवाज इतका सपाट होत गेला, की शाळेतून घरी जेवायला आलेल्या तुलिमाकने तोंडातला घास तसाच धरून ठेवला.

पत्र दक्षिणेकडच्या कार्यालयाचं होतं. खाणीचं लोखंड न्यायला बर्फ फोडणारं जहाज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून आपल्या खाडीतून ये-जा करणार. खाडीत एप्रिल महिन्यात सीलचा वावर नाही, त्यामुळे काही नुकसान संभवत नाही. गावच्या शिकारी मंडळाच्या प्रमुखांनाही विचारण्यात आलं, त्यांनी स्वतः सांगितलं, की एकही दिसत नाही.

शिकारी मंडळाचा प्रमुख म्हणजे कुपाक. लूती मामीचा नवरा. तुलिमाकचा सख्खा मामा.

बाहेर उणे सत्तावीस होतं आणि तुलिमाकच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. टोपी न घालता ती निघाली. वाटेत दोघांनी विचारलं, काय गं, अस्वल मागे लागलंय का. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून ते हसले. आकुलिकमध्ये राग हा सहा वर्षांपर्यंतच्या पोरांचा आजार समजतात, गोवरासारखा. एकदा येऊन गेला की परत येऊ नये. मोठं माणूस चिडलं तर लोक घाबरत नाहीत, त्यांना वाईट वाटतं. 'लहान झाला बिचारा,' म्हणतात. पंधरा वर्षांची तुलिमाक गावाच्या मते वर्षातून दहा वेळा लहान होत होती.

मामा जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेलं मांस खात बसला होता. तिला बघून त्याने बाजूला सरकून जागा केली.

"बसा बाबा," तो म्हणाला. "टोपी कुठंय तुमची?"

बाबा म्हणजे तुलिमाकच. हे नाव आधी मामाच्या वडिलांचं होतं. म्हातारा गेला, तीन आठवड्यांनी ही जन्मली, नाव तिच्याकडे आलं आणि नावाबरोबर म्हाताराही आला. म्हणून अठ्ठावन्न वर्षांचा मामा तिला अहोजाहो करतो आणि ती त्याला लेका म्हणते. लहानपणी तिने त्याच्या वाटणीचा सीलचा डोळा पळवून खाल्ला, तेव्हा मामीने डोळे वटारले होते, पण मामा खूश झाला होता. बाबांना डोळा आवडायचाच, म्हणाला होता.

"टोपीचं सोड, लेका. तू सांगितलंस त्यांना? एकही नाही म्हणून?"

"नाही असं नाही म्हटलं. दिसत नाही म्हटलं. त्या माणसाने विचारलं, एप्रिलमध्ये बर्फावर सील किती दिसतात. मी म्हटलं, एकही दिसत नाही. खोटं बोललो का?"

खोटं नव्हतं, आणि संताप त्याचाच होता. एप्रिलमध्ये खाडीवर उभं राहिलं तर बर्फ, बर्फ आणि बर्फाशिवाय काही दिसत नाही. कसं दिसेल? तेव्हा आमचं नात्सिक, म्हणजे पाठीवर कड्याकड्यांची नक्षी असलेलं ते लहानखुरं सील, वर नसतंच मुळी. शरदात पाणी गोठायला लागतं तेव्हापासून ते पुढच्या पंज्यांच्या नखांनी बर्फाला भोकं पाडून ठेवतं. बर्फ जाड होत जातो, बोटभराचा हातभर होतो, हातभराचा पुरुषभर होतो, पण हे रोज येऊन नखांनी खरवडत राहतं, सगळा हिवाळा, एक नाही चार-पाच भोकं. श्वास घ्यायचा तर घर सांभाळावंच लागतं. मग जिथे बर्फाच्या उंचवट्याआड वाऱ्याने भुसभुशीत बर्फ साचतो तिथे मादी भोकातून वर येऊन आतल्या आत पोकळी कोरते. बाळंतिणीची खोली. खाली पाणी, वर बर्फाचं छप्पर, आत अंधार आणि ऊब. तिथे एकच पिल्लू होतं, पांढरंशुभ्र, बर्फासारखंच. दीड महिना ते तिथे दूध पितं. अस्वलाला वास लागला तर आई पिल्लाला तोंडात धरून पाण्याखालून दुसऱ्या खोलीत नेते. बाहेरून काय दिसतं? किंचितसा फुगीर बर्फ. तो आपल्या माणसांना दिसतो, कुत्र्यांना कळतो, विमानातल्या साहेबाला त्याचा पत्ता लागत नाही. जूनमध्ये हीच सीलं जुनी लव झाडायला उन्हात येऊन पसरतात, तेव्हा मोजा म्हणावं किती मोजायची ती. पण जहाज तर एप्रिलमध्येच येणार, छपरं फोडत.

"मग हे त्याला सांगायला काय झालं होतं?" तुलिमाक म्हणाली.

"त्याने ते विचारलं नाही. पाहुण्याने न विचारलेलं त्याला शिकवायचं म्हणजे त्याला मूर्ख ठरवायचं. आणि आमच्याकडे खूप सीलं आहेत अशी फुशारकी मारायची नसते, बाबा. त्यांना ऐकू येतं. अपमान होतो, निघून जातात. तोंडाने मोजायचं नसतं त्यांना. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मी काही शिकवलं नाही. मी नववीत आहे."

मामा हसला. त्याने गोठलेल्या मांसाचा एक पातळ काप कापून तिच्यापुढे धरला. डोक्यावर बर्फ ठेवा, म्हणाला. तिने तो काप घेतला नाही. मामाच्या घरात आजवर कोणी मांस नाकारलं नव्हतं.

त्याच दुपारी तुलिमाकने शाळेच्या संगणकावर पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तिन्हींत शिव्या होत्या आणि बाईंनी त्या खोडल्या. चौथ्यात तिने लिहिलं, की आमच्या खाडीत सीलं आहेत, तुम्ही येऊन बघा. बाईंनी शुद्धलेखन तपासलं आणि पत्र गेलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. कार्यालय हरकतीची दखल घेत आहे. वीस एप्रिलला हॅलम नावाचे अधिकारी विमानातून खाडीची पाहणी करतील. सीलं दिसली तर मार्गाचा पुनर्विचार होईल. न दिसल्यास निर्णय कायम.

तुलिमाक शाळेच्या व्हरांड्यात नाचली. खरंच नाचली. पत्र घेऊन धावत मामाकडे गेली, त्याच्या नाकासमोर फडकवलं. मामाने ते मामीकडून वाचून घेतलं आणि चहा ओतला.

"विमानातून एप्रिलमध्ये काय दिसतं, बाबा?" त्याने विचारलं.

रागाच्या भरात तिने नेमकं तेच मागितलं होतं जे द्यायला त्यांचं काहीच जात नव्हतं. दक्षिणेकडच्या माणसाने ही चूक केली तर समजण्यासारखं होतं, पण बर्फावर चालायला शिकलेली मुलगी सांगते, वरून येऊन बघा? तिने दुसरं पत्र पाठवलं, जूनमध्ये या म्हणून. उत्तर दोन ओळींचं आलं. जहाज एप्रिलमध्ये जाणार असल्याने पाहणी एप्रिलमध्येच होईल.

आता तिला सगळ्यांचाच राग यायला लागला. कार्यालयाचा येत होताच. मामाचा आला, कारण तो रोज शांतपणे चहा पीत होता. गावाचा आला, कारण गाव म्हणत होतं, बघू, होईल ते होईल. शाळेतल्या नकाशाचा आला, कारण त्यात आपली खाडी नुसती पांढरी होती. आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. तो राग घेऊन झोपता येत नाही. अकरा एप्रिलला, शनिवारी, दुपारच्या लख्ख उन्हात ती पामिउक कुत्र्याला दोरीने बांधून, मामीच्या घराबाहेर टांगलेली बर्फ कापायची लांब सुरी उचलून खाडीवर निघाली.

तिचा बेत साधा होता. विमानातून सीलं दिसत नाहीत, कारण वर छप्पर आहे. तर छप्पर काढायचं. दहा खोल्या उघडून ठेवायच्या, मग बघू कसं शून्य लिहितात.

पामिउकने पहिलं भोक दहाव्या मिनिटाला काढलं, पण ते नराचं होतं. वसंतात नराच्या तोंडाला असा काही दर्प येतो, की बर्फातूनसुद्धा रॉकेल सांडल्यासारखं वाटतं. पामिउक शिंकला, तुलिमाकने नाक मुरडलं आणि दोघं पुढे गेले. लांब उंचवट्याच्या सावलीत मात्र कुत्रा थांबला, मान वाकडी करून ऐकू लागला आणि शेपटी ताठ केली.

तिने सुरी घातली. छप्पर तिला वाटलं होतं त्यापेक्षा पातळ निघालं. दोन काप, एक लाथ आणि अख्खा तुकडा आत कोसळला. खाली पाणी जोरात डुचमळलं. आई गेली होती.

पिल्लू राहिलं होतं. कोपऱ्यात पडलेल्या बर्फाच्या ढेकळांत ते अर्धं बुडालं होतं. नाळ अजून सुकलेली नव्हती, म्हणजे चार-पाच दिवसांचं असेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ऊन पडलं होतं. ते डोळे मिटायचं, उघडायचं, परत मिटायचं. मग वाऱ्याचा एक झोत आत शिरला आणि त्याच्या अंगावरची पांढरी लव उभी राहिली. पामिउक दोरी ताणून ओरडायला लागला. दूर उंचवट्यावर एक कावळा येऊन बसला, आणि आकुलिकमधलं शेंबडं पोरही सांगेल, की कावळा एकटा येत नाही, मागे कोल्हा असतो आणि कधीकधी अस्वल.

जहाजाने जे करायचं होतं ते तिने हातभर सुरीने केलं होतं. जहाजाला निदान आत कोण आहे ते माहीत नसतं.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. किती वेळ, तिला सांगता आलं नसतं. मग मागून सावकाश पावलं आली, इतकी हलकी की पामिउकनेही मान वळवली नाही. मामाने बर्फावरची गाडी कोसभर मागे सोडली होती आणि तो चालत आला होता. त्याने खोलीत डोकावून बघितलं. तिच्या हातातली सुरी काढून घेतली. ती ओरडा खायची वाट बघत होती, अगदी आतुरतेने, पण बापाला कोणी ओरडतं का? त्याने थोडं बाजूला जाऊन घट्ट बर्फाची एक सपाट लादी कापली, आणून भगदाडावर टेकवली, सांध्यांत भुगा भरला आणि हातमोज्याच्या पाठीने थोपटत राहिला, जसं कोणी आजारी पोराचं पांघरूण नीट करतं. मग कोटातून कॅरिबू हरणाच्या हाडाची लांब, काडीसारखी बारीक सळई काढली. तिच्या टोकाला बदकाचं पीस बांधलेलं होतं. ती छपरातून थेट खालच्या भोकातल्या पाण्यापर्यंत सोडली. आई परत आली, की पाणी वर येणार, सळई हलणार आणि पीस थरथरणार. आपले लोक शिकारीला हेच करतात, फक्त तेव्हा हातात भाला असतो.

त्याने पायाखाली कातड्याचा तुकडा अंथरला, पाय जुळवून उभा राहिला आणि पिसाकडे बघत कमरेत वाकला.

"तुमचे पाय फार बोलतात, बाबा," तो हळूच म्हणाला. "लांब जा. कुत्र्यालाही न्या."

ती गेली. उंचवट्याच्या पार टोकाला जाऊन बसली, पामिउकचं तोंड दोन्ही हातांनी दाबून. कावळा तिथेच होता. तिने त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की त्या पत्राच्या पहिल्या तीन मसुद्यांत मावल्या नसत्या. आई परत आली नाही तर पिल्लू आजच मरणार होतं, आणि त्याचं नाव कोणत्याही जहाजावर लागणार नव्हतं.

एक तास गेला. मामा हलला नाही. दुसरा गेला. त्याच्या पाठीवर वाऱ्याने बर्फाचा पातळ थर चढवला तरी तो हलला नाही. तुलिमाकला रडू येत होतं, पण पापण्या चिकटतात म्हणून तिने ते गिळलं आणि नुसती बघत राहिली. अख्ख्या पांढऱ्या खाडीत एकच काळी गोष्ट होती, वाकलेला मामा. अर्ध्या कोसावरून तो स्पष्ट दिसत होता. एवढा स्पष्ट, की विमानातून...

त्याच क्षणी मामाने एक हात खांद्याएवढा उचलला. पीस हललं होतं. आई आली होती.

तुलिमाकला धावत सुटायचं होतं. ती चालत गेली, टाच न टेकवता, एकेक पाऊल मोजून, आणि मामा कातडं गुंडाळून त्या जागेपासून बराच दूर येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मग मात्र धबधबा फुटला. सीलं दिसत नाहीत ना? पण माणूस दिसतं. जिथे जिथे खोली आहे तिथे एकेक माणूस उभं करायचं. दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कातड्यावर, तू उभा होतास तसंच.

मामाने मान हलवली. हे मोजण्यासारखंच झालं, म्हणाला. फुशारकी झाली.

"आपण कुठे मोजतोय, लेका? आपण नुसतं उभं राहायचं. मोजतील ते."

मामा थांबला. त्याने दाढीला लटकलेला बर्फ तोडला. मग म्हणाला, की माझे वडील असलं काही बोलले असते असं वाटत नाही, पण ते पुन्हा जन्मले आहेत, तर सुधारले असतील.

सोमवारी लूती मामीने रेडिओवर सांगितलं. वीस तारखेला खाडीवर उभं राहायचंय. उभं राहायला कातड्याचा तुकडा ज्याचा त्याने आणावा. खोकला असलेल्यांनी घरी बसावं. ज्यांना पाच मिनिटं गप्प बसता येत नाही त्यांनीही घरीच बसावं, नावं घेत नाही, पण माझ्या जावेला कळलं असेल. बाईंनी नववी-दहावीला सुट्टी दिली. आठवडाभर म्हातारी माणसं स्वयंपाकघरात बसून आपापसांत ठरवत राहिली, कुठल्या उंचवट्याआड कोण, आणि कुत्र्यांना घेऊन तरुण मंडळी लांबूनच जागा बघून आली. बोट दाखवून मोजलं मात्र कोणी नाही.

त्या दिवशी त्रेचाळीस माणसं पहाटेच बर्फावर चालत गेली. गाड्या कोणी काढल्या नाहीत. तुलिमाकला मामाने किनाऱ्याला सर्वांत जवळची जागा दिली, तिने फोडलेली खोली. तिच्या छपरातून त्याने ती पिसाची सळई पुन्हा सोडली होती. इथे चूक झाली तर भरपाई इथेच, असं काही तो म्हणाला नाही, पण जागा त्याने निवडली होती.

उभं राहणं इतकं कठीण असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात नाक खाजलं, दुसऱ्यात गुडघा. राग आला की तिला नेहमी चालावं लागतं, दार आपटावं लागतं, कोणाला तरी बोलावं लागतं. इथे दहा पावलांवर बर्फाखाली एक आई बाळाला पाजत होती आणि तिला बुटाची करकरसुद्धा ऐकू जाते. तुलिमाकचा राग पायांपासून डोक्यापर्यंत भरून आला आणि तिथेच उभा राहिला, बाहेर पडायला वाट नसलेला, कातड्याच्या तुकड्याएवढ्या जागेत.

अकराच्या सुमारास विमान आलं. खाडीवरून सरळ गेलं, वळलं, परत आलं. तिसऱ्या फेरीला इतकं खाली आलं, की तिला खिडकीतला चेहरा दिसला. कोणी हात हलवला नाही. त्रेचाळीस काळे ठिपके मान खाली घालून उभे राहिले.

विमान गावाच्या धावपट्टीवर उतरलं. तासाभराने हॅलम साहेब मामाबरोबर चालत आले, कारण मामाने त्यांना गाडीत बसू दिलं नव्हतं. मोठा लाल कोट, गळ्यात दुर्बीण, धापा टाकत. वाटेत त्यांनी मामाला तीनदा विचारलं होतं, की हा मोर्चा आहे का आणि ह्याचा पुढारी कोण, आणि मामाने तिन्ही वेळा आपल्या मोडक्या इंग्रजीत एकच उत्तर दिलं होतं, माझ्या वडिलांना विचारा. तुलिमाकपाशी पोचल्यावर साहेब म्हाताऱ्याला शोधत इकडेतिकडे बघायला लागले.

"हेच," मामा म्हणाला.

पंधरा वर्षांचे वडील टोपी कानावर ओढून उभे होते. साहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून एरवी ती खदाखदा हसली असती.

तीन आठवडे तिने भाषण तयार केलं होतं. ते ओरडून करायचं भाषण होतं. पण ओरडायचं कसं? म्हणून ती कुजबुजली, आणि साहेबांना ऐकायला वाकावं लागलं.

"तुम्ही मामांना चुकीचा प्रश्न विचारला," ती म्हणाली. "आणि बरोबर उत्तर घेऊन गेलात. आता माणसं मोजा. प्रत्येकाच्या पुढ्यात बर्फाखाली एक बाळंतीण आहे. ते पीस बघताय? ते वाऱ्याने हलत नाहीये."

साहेबांनी बघितलं. पीस वर गेलं, थरथरलं, खाली आलं. परत वर गेलं. साहेब हळूहळू गुडघ्यांवर बसले, मग त्या लाल कोटासकट बर्फावर आडवे झाले आणि पिसाकडे बघत राहिले. विमानाचा चालक किनाऱ्यावरून हात करून बोलवत होता, तरी बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा तेही कुजबुजूनच बोलले. मला पटलं, म्हणाले. पण अहवालात एकच रकाना आहे, विमानातून काय दिसलं. त्यात दिसलं तेच लिहावं लागतं.

"मग दिसलं ते लिहा," तुलिमाक म्हणाली, आणि तिच्या आवाजाला कुजबुजीतही धार होती.

पाच दिवसांनी पत्र आलं. मामाच्या घरी एवढी गर्दी झाली, की मामीला चुलीवर पाय देऊन उभं राहावं लागेल की काय असं वाटलं. तुलिमाकने वाचलं. विमानातून दिसलेली सीलं, शून्य. विमानातून दिसलेली माणसं, त्रेचाळीस. जिथे माणसं पायी बर्फावर असतात तिथे बर्फ फोडायला नियमाने मनाई असल्यामुळे, खाडीतला मार्ग बर्फ आपोआप वितळेपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत बंद राहील. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा पाहणी करून निर्णय घेण्यात येईल.

घर हसण्याने भरून गेलं. कोणीतरी पुठ्ठा पसरला, कोणीतरी सील आणून ठेवलं, मामीने बर्फाचा तुकडा तोंडात विरघळवून ते पाणी सीलच्या तोंडात सोडलं, कारण ते तहानलेलं असतं आणि त्याला आधी पाणी द्यायचं असतं. मग बायकांच्या उलू सुऱ्या चालायला लागल्या. जहाज येणार नाही. पिल्लं दूध पिऊन, लव झाडून, पोहून जातील. जिंकलो.

तुलिमाक पत्र धरून तशीच उभी होती.

"काय झालं बाबा, खा ना," मामा म्हणाला. "डोळा काढून ठेवलाय."

"शून्य लिहिलंय."

"पण जहाज थांबलं."

"आपल्यासाठी थांबलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि आता खाली कोणी बाळंतीण नव्हती म्हणून तिने तो चढू दिला. "त्यांच्यासाठी नाही. तो माणूस तासभर बर्फावर आडवा पडून त्यांना श्वास घेताना बघत होता, आणि घरी जाऊन लिहितो शून्य. म्हणजे आपण एक वर्ष आजारी पडलो, एक वर्ष कोणी उभं राहायला गेलं नाही, की खाडी रिकामी. त्यांच्या कागदावर ती आजही रिकामीच आहे."

लहान झाली, कोणीतरी मागून म्हणालं, आणि दोन-तीन जण हसले. सवयीने हसले. मामा हसला नाही. त्याने सुरी पुठ्ठ्यावर ठेवली, हात पुसले आणि गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आला. शाळेची वही आहे का, विचारलं. वही नव्हती. मग त्याने मामीच्या रेडिओच्या घोषणांचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला, पेन शोधलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मोजणार नाही मी," तो म्हणाला. "जागा सांगतो. लिहा."

आणि कुपाक मामा, ज्याने सीलांबद्दल कधी कोणापुढे बढाई मारली नव्हती, सांगायला लागला. लांब उंचवट्याच्या सावलीत, एक आई, पिल्लू पांढरं, नाळ आता सुकली. दोन दगडांच्या खाली, एक आई, म्हातारी, तिच्या नखांचे ओरखडे आठ हिवाळे बघतोय. ओहोळ खाडीला मिळतो तिथे, एक आई आणि शेजारच्या भोकात एक नर, वास फार. खोलीतलं हसणं हळूहळू थांबत गेलं. मागून एक म्हातारी म्हणाली, की टेकडीसमोरची राहिली. कोणीतरी म्हणालं, तिने पिल्लाला परवाच पलीकडच्या खोलीत नेलं, पलीकडची लिही. तुलिमाक लिहीत राहिली, कान लाल, ओठ घट्ट, पेन इतकं दाबून की अक्षरं कागदाच्या दुसऱ्या बाजूला उमटत होती.